नावाचेच तेल

पाठपरिचय

मोटारीच्या ब्रेकमधील द्रवात पाणी किंवा तेल मिसळले गेले तर ते कसे ओळखावे, हा या पाठाचा विषय आहे. विषय तांत्रिक असला तरी भाषेशी त्याचा जवळचा संबंध आहे. एखाद्या वस्तूचे रूढ झालेले नाव चुकीची समजूत कशी करून देते आणि त्या समजुतीचे परिणाम कुठवर जातात, हे पाठ वाचताना ध्यानात येईल. गॅरेजमध्ये प्रत्यक्ष बोलले जाणारे शब्द पाठात तसेच ठेवले आहेत. त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे.

मूळ पाठ

जबलपूर शहराचे वाहनांशी जुने नाते आहे. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला. १९६९ साली लष्करी वाहनांचा कारखाना सुरू झाला आणि 'शक्तिमान' मालमोटारी व 'जोंगा' गाड्या येथून सैन्याकडे जाऊ लागल्या. 'जोंगा' हा शब्द कोणत्याही भाषेतला नाही; जबलपूरच्या या कारखान्यांच्या इंग्रजी नावांतील अक्षरे जुळवून तो घडवलेला आहे. २०२१ साली आयुध कारखान्यांचे मंडळ विसर्जित होऊन त्यांची सात सरकारी कंपन्यांत विभागणी झाली, तरी कारखाने जागच्या जागी आहेत. अशा शहरात गाडीच्या पोटातले दुखणे ओळखणारी माणसे पिढ्यानपिढ्या तयार होत जातात, यात नवल नाही.

रांझीपासून राइट टाऊनपर्यंत कोणत्याही गॅरेजात गेले तरी ब्रेकमधल्या द्रवासाठी 'ब्रेक ऑईल' हाच शब्द कानावर पडतो. नागपूर-पुण्यातही वेगळे नाही. शब्द सुटसुटीत आहे आणि आता तो कोणी बदलू म्हटले तरी बदलणार नाही. मात्र तो खरा नाही. बहुतेक मोटारींच्या ब्रेकमध्ये जो द्रव असतो तो तेल नव्हे. तो ग्लायकॉल ईथर या वर्गातील रसायनांचा बनलेला असतो; पाण्यात सहज मिसळतो आणि खनिज तेलाशी त्याचे मुळीच जमत नाही. शिसपेन्सिलीत शिसे नसते, तरी तिला शिसपेन्सिल म्हटल्याने कोणाचे काही बिघडत नाही. ब्रेक ऑईलची गोष्ट निराळी आहे. 'ऑईल' कमी झाले आहे, तेव्हा हाताशी असलेले ऑईल घालावे, असा सरळ विचार त्या नावातून सुचतो; आणि तो विचार अमलात आला की गाडीच्या ब्रेकमधील सगळे रबर निकामी होण्यास आरंभ होतो.

एके काळी हे नाव इतके खोटे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. द्रवाच्या दाबाने चालणारे ब्रेक माल्कम लॉकहीड या अमेरिकी यंत्रज्ञाने सिद्ध केले आणि १९२१ च्या सुमारास ड्यूझेनबर्ग या मोटारीच्या चारही चाकांना ते बसवले गेले. त्या सुरुवातीच्या काळात ब्रेकमध्ये एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण घालीत. एरंडेल हे वनस्पतिजन्य तेल नैसर्गिक रबराला फारसे बाधत नसे. पुढे गाड्या जड झाल्या, वेग वाढले, ब्रेक अधिक तापू लागले, तसे एरंडेल मागे पडून कृत्रिम द्रव आले. वस्तू बदलली, नाव मात्र मागे राहिले.

या द्रवाचे काम काय, हे एकदा नीट समजून घेतले म्हणजे त्यातल्या बिघाडाची लक्षणे पाठ करावी लागत नाहीत. ती आपोआप उलगडतात. चालक पेडलवर पाय देतो तेव्हा मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो. त्याने निर्माण केलेला दाब नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत पोहोचतो आणि तेथे पॅड डिस्कवर किंवा लायनर ड्रमवर आवळले जातात. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा सिद्धान्त येथे कामी येतो. त्यासाठी अट एकच असते. नळीत असलेला पदार्थ दाबला जाता कामा नये. द्रव दाबला जात नाही. हवा आणि वाफ दाबल्या जातात. नळीत वाफेचा लहानसा बुडबुडा झाला, तरी पायाचा जोर त्या बुडबुड्याला चेपण्यातच खर्ची पडतो आणि चाकापर्यंत काही पोहोचत नाही.

पाण्याचा शिरकाव

ब्रेकचा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. डबा घट्ट बंद असला तरी झाकणाच्या सूक्ष्म वाटेने आणि मुख्यतः चाकांजवळच्या रबरी नळ्यांमधून ओलावा हळूहळू आत येतो. हा द्रवाचा दोष मानण्याची पद्धत आहे, परंतु त्यात एक सोयही आहे. द्रवाने पाणी सामावून घेतले नसते, तर ते थेंबाथेंबाने वेगळे राहून सर्वांत खालच्या भागात, म्हणजे नेमके चाकाजवळ जाऊन साचले असते. तेथे शंभर अंशांवर उकळले असते आणि धातूला गंजही तेथेच चढला असता. द्रवात विरघळून गेलेले पाणी तितका घात करीत नाही. ते द्रवाचा उत्कलनांक, म्हणजे ज्या तापमानाला तो उकळतो ते तापमान, हळूहळू खाली आणते.

किती खाली, ते डब्यावरच्या आकड्यांवरून समजते. 'डॉट' ही अक्षरे अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नावावरून आली आहेत. त्या मानकानुसार ताजा डॉट ३ द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. म्हणजे शंभर भागांत चार भागही पाणी नसताना पासष्ट-पंच्याहत्तर अंश गमावले जातात. आणखी एक सापळा येथे सांगून ठेवणे बरे. डॉट ५ आणि डॉट ५.१ ही नावे सख्ख्या भावंडांसारखी वाटतात. प्रत्यक्षात डॉट ५.१ हा डॉट ३ आणि ४ यांच्याच ग्लायकॉल कुळातला आहे, तर डॉट ५ सिलिकोनचा आहे आणि तो बाकी कोणात मिसळत नाही. नाव ठेवणाऱ्यांनी एका टिंबावर एवढा भार टाकायला नको होता.

जबलपूरला जून ते सप्टेंबर पावसाचे आणि दमट हवेचे दिवस असतात, त्याआधीच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पहिल्या काळात द्रवात पाणी शिरते आणि दुसऱ्या काळात ब्रेक लवकर तापतात. येथे किलोमीटरचा हिशोब उपयोगी पडत नाही. दारात उभी राहिलेली गाडीही ओलावा घेतच असते. म्हणूनच ब्रेकचा द्रव दर दोन वर्षांनी बदलावा असे अनेक उत्पादक सांगतात. गाडी किती धावली याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

समजा, एक कुटुंब जबलपूरहून आपल्या गाडीने नागपूरला निघाले आहे. १९५६ पर्यंत ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती आणि नागपूर ही राजधानी होती. त्यामुळे जबलपूरच्या अनेक मराठी घरांची सोयरीक आजही त्या बाजूला आहे. रस्ता सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचा. लखनादौन आणि सिवनी मागे पडल्यावर कुरईचा घाट लागतो. तो खंडाळ्याइतका मोठा नाही, पण गाडी भरलेली आहे, उतार आहे, पुढे मालमोटारी रांगेने चालल्या आहेत, आणि चालकाचा पाय सारखा ब्रेकवर आहे. डिस्क काहीशे अंशांपर्यंत तापतात, ती उष्णता पॅडमधून आतल्या द्रवाकडे जाते. तीन-चार वर्षे न बदललेला द्रव कुठेतरी दीडशे अंशांच्या आसपास उकळतो. पुढच्या वळणावर पेडल दाबले जाते आणि ते जवळजवळ तळाला टेकते.

चालक जाणता असेल तर तो पेडल भराभर मारतो, गिअर खाली आणतो, हातब्रेक हळूहळू ओढतो; हातब्रेकला सहसा द्रवाची गरज नसते. गाडी कशीबशी थांबते. तासाभराने सगळे थंड होते, वाफेचे पुन्हा द्रवात रूपांतर होते आणि पेडल पहिल्यासारखे कडक लागते. नागपूरच्या गॅरेजात दुसऱ्या दिवशी मिस्त्री गाडी चालवून पाहतो. त्याला काहीही सापडत नाही. कुठे गळती नाही, पॅड झिजलेले नाहीत, पेडल उत्तम आहे. तो प्रामाणिकपणे सांगतो की गाडीत दोष नाही. त्याचे म्हणणे थंड गाडीपुरते खरेच असते. मग घरची मंडळी म्हणतात, चालक घाबरला असेल. आणि तीच गाडी तोच द्रव घेऊन त्याच घाटाने परत निघते.

येथे रोगनिदानाचा पहिला धागा सापडतो. ब्रेक कोणत्या वेळी गेला, हा प्रश्न ब्रेक कसा आहे या प्रश्नाआधी विचारला पाहिजे. थंड असताना कडक, लांब उतारानंतर मऊ, आणि विश्रांतीनंतर पुन्हा कडक, असा पेडलचा क्रम असेल तर द्रवात पाणी असल्याचा संशय बळावतो. पेडल थंडीतही आणि गरमीतही सारखेच स्पंजासारखे लागत असेल, तर नळीत हवा धरलेली असण्याचा संभव अधिक. पेडलवर पाय स्थिर ठेवला असता ते सावकाश खाली खाली जात असेल आणि बाहेर कुठेही ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील वायसर झिजून द्रव मागच्या बाजूस निसटत असावा. ही तीनही दुखणी 'ब्रेक नीट लागत नाही' या एकाच तक्रारीने गॅरेजात येतात.

संशय आल्यावर खात्री कशी करावी? पुष्कळ जण डब्यात डोकावून रंग पाहतात. ताजा द्रव बिनरंगी किंवा फिकट पिवळसर असतो आणि जुना होत जातो तसा काळपट होतो. काळवंडलेला द्रव बदलण्याच्या लायकीचा असतो, यात शंका नाही. परंतु उलट अर्थ काढता येत नाही. पाण्याला रंग नसतो. स्वच्छ दिसणाऱ्या द्रवातही तीन-चार टक्के पाणी असू शकते. टोकाला दिवे असलेले लेखणीसारखे एक उपकरण बाजारात मिळते. ते द्रवाची विद्युतवाहकता मोजून पाण्याचा अंदाज देते. चटकन तपासण्यासाठी ते ठीक आहे, मात्र ते डब्यातील द्रव तपासते, आणि उकळतो तो चाकाजवळचा. अधिक भरवशाचे साधन म्हणजे द्रवाचा नमुना तापवून तो प्रत्यक्ष किती अंशांवर उकळतो हे दाखवणारे यंत्र. याखेरीज काही ठिकाणी रंग बदलणारी कागदी पट्टी वापरतात. ती पाणी मोजतच नाही, तांबे मोजते. ब्रेकच्या पोलादी नळ्यांच्या जोडकामात तांबे असते. द्रवातील गंजरोधक रसायने संपत आली की ते थोडे थोडे विरघळू लागते. पट्टीने तांबे दाखवले तर द्रवाचे वय झाले, एवढे समजते.

पाण्यावरचा उपाय सोपा आहे. प्रत्येक चाकाचे निपल उघडून जुना द्रव पूर्ण निघून जाईपर्यंत नवा द्रव भरत राहायचे आणि शेवटी हवा काढून घ्यायची. केवळ डब्यातला द्रव उपसून नवा ओतणे म्हणजे माठाच्या तोंडावरचे पाणी बदलण्यासारखे आहे.

पाठगत प्रश्न

१. घाटात पेडल तळाला गेलेल्या गाडीत दुसऱ्या दिवशी दोष का सापडला नाही?
२. द्रव पाणी शोषून घेतो यात सोय कोणती आहे?
३. कागदी पट्टी नेमके काय मोजते?

तेलाचा शिरकाव

पाणी आपोआप शिरते. तेल मात्र कोणीतरी घालावे लागते. म्हणून या दुसऱ्या प्रकारच्या भेसळीची चौकशी यंत्रापेक्षा माणसांकडेच अधिक करावी लागते. पॅड झिजत जातात तशी डब्यातील पातळी हळूहळू उतरते. हे स्वाभाविक आहे. कोणाच्या तरी ते नजरेस येते आणि पेट्रोलपंपावर किंवा घरीच, चांगल्या हेतूने, इंजिनचे किंवा पॉवर स्टिअरिंगचे तेल त्यात ओतले जाते. कधी तेल हेतूने घातलेलेही नसते. इंजिन ऑईलसाठी वापरलेले नरसाळे न पुसता ब्रेकच्या डब्याला लावले जाते. कधी मास्टर सिलिंडर उघडल्यावर त्याचे भाग रॉकेलने किंवा पेट्रोलने धुतले जातात आणि तसेच बसवले जातात. सुटे भाग रॉकेलने धुण्याची सवय गॅरेजांत जुनी आहे आणि इतर भागांच्या बाबतीत ती चालून जाते. ब्रेकच्या रबराला ती चालत नाही. ते भाग ताज्या ब्रेकद्रवाने किंवा स्पिरिटनेच धुवावे लागतात.

ब्रेकमधील वायसर, टोप्या आणि नळ्या ज्या रबराच्या असतात ते रबर ग्लायकॉलच्या द्रवात वर्षानुवर्षे टिकते. खनिज तेल लागले की मात्र ते फुगते, मऊ होते आणि आपला आकार सोडते. हे एका क्षणात घडत नाही. काही तास जातात, काही दिवसही जातात, आणि तोवर तेल घातल्याची गोष्ट घालणाराही विसरलेला असतो.

लक्षणे पाण्याच्या अगदी उलट असतात. मास्टर सिलिंडरमध्ये एक अतिशय बारीक भोक असते. पाय उचलल्यावर नळीतील द्रव त्या भोकातून डब्यात परततो आणि चाके मोकळी होतात. फुगलेला वायसर हे भोक झाकून टाकतो. मग पाय काढला तरी दाब तसाच कोंडून राहतो. ब्रेक किंचित लागलेला राहतो, चाक तापते, तापलेला द्रव प्रसरण पावतो, दाब आणखी वाढतो, आणि ब्रेक आणखी आवळला जातो. चालकाला गाडी जड वाटते, पेडल नेहमीपेक्षा उंच आणि कडक लागते, जळका वास येतो, आणि शेवटी गाडी रस्त्यात जाम होते. तासभर उभी ठेवली की ती पुन्हा चालू लागते. थंड झाल्यावर दोष नाहीसा होणे, एवढे एक लक्षण दोन्ही भेसळींत समान आहे. तेवढ्यावरून निदान करणाऱ्याची फसगत ठरलेली.

डब्याचे झाकण उघडणे ही पहिली तपासणी होय. झाकणाच्या आत रबराची पातळ चकती असते. ती फुगून लाटांसारखी झाली असेल आणि झाकणात पुन्हा बसता बसत नसेल, तर आत तेल गेले आहे हे जवळजवळ निश्चित समजावे. साऱ्या यंत्रणेत सहज पाहता येण्याजोगे रबर हेच. आतल्या वायसरांचे काय झाले असेल ते या चकतीवरून कळते.

त्यानंतर द्रवाची परीक्षा. तेल ब्रेकद्रवापेक्षा हलके असल्यामुळे उभ्या गाडीच्या डब्यात ते वरच्या थरात जमण्याचा कल असतो. म्हणून नमुना डबा न ढवळता वरूनच घ्यावा. तो काचेच्या स्वच्छ बाटलीत काही वेळ स्थिर ठेवला असता दोन थर वेगळे दिसले, तर भेसळ उघड आहे. दुसरी परीक्षा कोणत्याही घरात करता येते. पारदर्शक पेल्यात पाणी घेऊन त्यात नमुन्याचे काही थेंब टाकावेत आणि हलवावे. शुद्ध ग्लायकॉलद्रव पाण्यात मिसळून जातो. तेल असेल तर ते तवंग होऊन वर तरंगते. शेजारी दुसऱ्या पेल्यात नव्या, सीलबंद डब्यातील द्रवाचे थेंब टाकून तुलना करणे हे उत्तम, कारण एकट्या पेल्याकडे पाहून मनात असेल तेच दिसण्याचा धोका असतो. तरंगणारा पदार्थ सिलिकोनचा द्रवही असू शकतो, हे विसरू नये; तो बहुधा जांभळ्या रंगाचा असतो. आणि तवंग दिसला नाही म्हणून तेल गेलेच नाही असे नव्हे. तेल थोडे असेल तर ते रबरात मुरून गेलेले असते. चकती फुगलेली आणि पेला स्वच्छ, अशा वेळी विश्वास चकतीवर ठेवावा.

ब्रेक जाम झालेल्या गाडीत दाब नेमका कुठे कोंडला आहे, हे शोधण्याची कुशल मिस्त्र्यांची एक रीत आहे. तापलेल्या चाकाचे निपल थोडे सैल केले जाते. द्रवाची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर दोष दाबाचा आहे. चाक तरीही घट्टच राहिले, तर गंजलेला दट्ट्या किंवा अडकलेले पॅड असे यांत्रिक कारण शोधावे लागते. दोष दाबाचा ठरल्यावर पुढच्या वेळी निपलला हात न लावता मास्टर सिलिंडरजवळची नळी सैल करून पाहायची. तेवढ्याने चाके सुटली तर खोट मास्टर सिलिंडरमध्ये आहे. न सुटता फक्त चाकाजवळच सुटत असतील, तर मधली रबरी नळी आतून फुगून बंद झाली आहे. मात्र मास्टर सिलिंडर दोषी ठरवण्याआधी पेडलला थोडा मोकळा खेळ आहे ना, हे पाहिलेच पाहिजे. पेडलच्या दांड्याचे माप चुकीचे बसवले असेल तरी ते बारीक भोक असेच झाकले जाते आणि तेलाचा काहीही संबंध नसताना लक्षणे हुबेहूब तीच दिसतात. या साऱ्या तपासणीत डोळ्यांना चष्मा हवा, तापलेल्या चाकाला हात लावू नये, आणि द्रव तोंडाने ओढून काढण्याची सवय असेल तर ती सोडावी. तो विषारी आहे. गाडीच्या रंगावर सांडला तर पुसत न बसता लगेच पाण्याने धुऊन टाकावा, नाहीतर रंग उचलला जातो.

तेलाच्या भेसळीवर द्रव बदलणे हा उपाय नव्हे. रबराने प्यायलेले तेल नव्या द्रवात पुन्हा उतरत राहते आणि फुगलेला वायसर मूळ आकारावर भरवशाने येत नाही. सारी यंत्रणा धुऊन मास्टर सिलिंडर, कॅलिपर आणि व्हील सिलिंडर यांचे रबरी किट, तशाच सर्व रबरी नळ्या आणि झाकणाची चकती बदलावी लागते. चाक घसरू न देणारी एबीएस यंत्रणा गाडीत असेल तर तिच्यातही रबर आहे. तो भाग सहसा उघडून दुरुस्त करता येत नाही, अख्खाच बदलावा लागतो. चार चमचे तेलाची किंमत अशी वसूल होते. गाडीचा मालक हे अंदाजपत्रक ऐकून हबकतो, आणि 'सध्या नुसते ऑईल बदलून पाहा' असे सुचवतो. या ठिकाणी मिस्त्रीची खरी कसोटी लागते. गिऱ्हाईक नाराज होऊन दुसऱ्या गॅरेजात जाईल ही भीती त्याला असते, आणि तेथे कोणीतरी नुसता द्रव बदलून देईलही. तरी नकार देणारा मिस्त्रीच बरोबर असतो, कारण अर्धवट दुरुस्त झालेले ब्रेक सुरुवातीचे काही दिवस छान चालतात.

सर्वच गाड्यांना हा नियम लागू होतो असे मात्र नाही. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीने १९६० च्या दशकात आपल्या काही मोटारींसाठी हिरव्या रंगाचे खनिज तेल स्वीकारले आणि त्यांतील रबरही त्यालाच साजेसे घेतले. डिस्क ब्रेक असलेल्या कित्येक सायकलींतही आज खनिज तेलच असते. तेथे 'ब्रेक ऑईल' हा शब्द अक्षरशः खरा ठरतो, आणि ग्लायकॉलचा द्रव घालणे हीच भेसळ होते. म्हणून सवयीवर किंवा दुकानदाराच्या शब्दावर न जाता झाकणावर काय छापले आहे ते वाचावे. ते अक्षर बहुधा बारीक आणि धुळीने झाकलेले असते. धूळ आधी पुसावी आणि मगच झाकण उघडावे, नाहीतर तीच डब्यात पडते.

पातळी उतरलेली दिसताच डबा काठोकाठ भरण्याची घाई पुष्कळांना असते. तेथेही जरा थांबावे. पातळी महिन्यांच्या हिशोबाने उतरली असेल तर पॅड झिजले आहेत. दिवसांच्या हिशोबाने उतरली असेल तर कुठेतरी गळती आहे. वरून द्रव ओतला की दोन्हींची खूण पुसली जाते. शिवाय त्या वेळी जो डबा हाती येतो तो अनेकदा मागच्या दुरुस्तीतला, अर्धा उरलेला, पावसाळाभर गॅरेजच्या फळीवर सैल झाकणाने पडलेला असतो. त्यात ओलावा गाडीत जाण्याआधीच शिरलेला असतो.

स्वाध्याय

१. एका गाडीचे मागचे एक चाक दर वीस किलोमीटरनंतर तापते. निपल सैल केल्यावर ते सुटते, मास्टर सिलिंडरजवळची नळी सैल केल्यावर सुटत नाही. खोट कुठे असावी? कारण द्या.
२. झाकणाची चकती फुगलेली आहे, पण पाण्याच्या पेल्यात तवंग दिसत नाही. तुम्ही कोणता निष्कर्ष काढाल?
३. 'शिसपेन्सिल' आणि 'ब्रेक ऑईल' या दोन नावांची तुलना करून, वस्तूच्या नावातील चूक केव्हा निरुपद्रवी असते आणि केव्हा घातक ठरते, ते आठ-दहा वाक्यांत लिहा.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या गॅरेजात जाऊन ब्रेकशी संबंधित दहा शब्द ऐकून लिहून घ्या. त्यांतील कोणते शब्द इंग्रजीतून आले आणि उच्चारात कसे बदलले, ते नोंदवा.